कंपनीचा नॉर्मल माणूस

बारकीची चाळिशी उलटली, डोळ्यांवर जाड चष्मा आला, तरी घरात ती बारकीच राहिली. नाव ठेवणारा माणूस तिच्याहून बराच मोठा होता आणि ते बदलायचा त्याचा काही विचार नव्हता. हा माणूस म्हणजे तिचा दादा. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बारकी शाळेत होती आणि दादाला नुकतं मिसरूड फुटत होतं. त्याने पुस्तकं बांधून ठेवली, सोफे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात कामाला लागला आणि बहिणीला शिकवलं, तेही थेट रसायनशास्त्रापर्यंत. रसायनशास्त्र म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण गिऱ्हाइकांना तो ते इतक्या ऐटीत सांगायचा की विषय त्यानेच काढला असावा असं वाटे.

पुढे म्हातारा गेला आणि दुकान दादाचं झालं. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. स्पंजाचे तुकडे, स्प्रिंगांची भेंडोळी, उलटे पडलेले सोफे आणि मधोमध दिवसभर कमरेत वाकलेला दादा. तोंडात मूठभर खिळे असायचे. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक होतं त्याला तो चिकटवायचा आणि एका ठोक्यात कापड बसवायचा. खिळे तोंडात असतानाही त्याची बडबड चालूच. गिऱ्हाइकाला त्यातलं अक्षर कळायचं नाही, बारकीला सगळं कळायचं. वहिनींना तर तो गप्प असला तरी कळायचं, पण बायकोची गोष्टच वेगळी असते.

बारकीने लग्न केलं नाही. ती दादा-वहिनींच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची आणि बसने कामाला जायची. तिच्या कंपनीत लघवी तपासायच्या पट्ट्या बनत. किडनी बिघडायला लागली की पहिल्यांदा लघवीतून प्रोटीन झिरपायला लागतं. माणसाला तेव्हा काही म्हणजे काही जाणवत नाही, खातोपितो, हिंडतो. ते प्रोटीन तेवढ्यात पकडलं तर औषधपाण्याने किडनी वाचते. उशीर झाला की मग डायलिसिसच्या मशीनच्या दारात रांग. तर ते लवकर पकडणारी, कुणालाही घरच्या घरी वापरता येईल अशी पट्टी बनवायचा कंपनीचा प्रयत्न होता. लघवीचा थेंब टाकायचा, वर रंगाच्या औषधाचा एक थेंब. प्रोटीन असेल तर पट्टी निळी होणार, नसेल तर पांढरीच राहणार.

हा निळा रंग आणायचं काम पूर्वी एक खरं एन्झाइम करायचं. झाडाच्या मुळातून काढलेलं, महागडं आणि भारी नखरेल. फ्रीजबाहेर जरा राहिलं की त्याने अंग टाकलंच. म्हणून त्याच्या जागी लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आणले होते. हे कण एन्झाइमची अशी हुबेहूब नक्कल करायचे की रंगाच्या औषधाला फरक कळायचा नाही. उन्हाळा असो की बंद कपाट, महिनोन्‌महिने त्यांना काही होत नसे. पाण्यात घातले की काजळ कालवल्यासारखे दिसत, म्हणून तिथे सगळे त्यांना काजळी म्हणत. काजळी बनवणं हे बारकीचं काम. बाटलीच्या कुशीला लोहचुंबक लावलं की सगळे कण भिंतीला येऊन चिकटत आणि वरचं पाणी ओतून टाकता येई. हे दादाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "म्हणजे तुझा आणि माझा धंदा एकच," तो म्हणाला. "तू बारीक खिळे वापरतेस एवढंच."

आता या काजळीची एक खोड होती. खऱ्या एन्झाइमसारखी ती दर खेपेला सारखी निघत नसे. कधी तेज, कधी मवाळ. तेज निघाली की निरोगी माणसाच्या लघवीवरही पट्टीला उगाच निळसर झाक यायची. मग काजळीचं प्रमाण कमी करायचं, पुन्हा थेंब टाकायचा, झाक जाईपर्यंत कमी करत राहायचं. याला तिथे ‘पट्टी बसवणं’ म्हणत. आणि पट्टी बसवायची तर रोज एका धडधाकट माणसाची ताजी लघवी हवी. विकत मिळणाऱ्या बाटल्या गोठवून येत, वितळल्या की त्यात साका धरे, त्यांचा भरवसा नव्हता. सुरुवातीला ऑफिसातलेच चारपाच जण देत. मग एकीला दिवस गेले, एकाला साखर निघाली, एकाने नोकरी सोडली आणि उरलेल्यांना लाज वाटायला लागली. एका संध्याकाळी बारकीने दादाला विचारलं.

"दादा, एक मागू का? हसायचं नाही."

तिने काय हवं ते सांगितलं. दादा हसला नाही. हातातली हातोडी खाली ठेवून त्याने गंभीरपणे विचारलं, "मीच का?"

"तू कधी आजारी पडला नाहीस म्हणून. मला नॉर्मल माणूस पाहिजे. काही औषध वगैरे चालू आहे का तुला?"

"मला कसलं औषध," दादा म्हणाला. "दगड आहे मी."

आणि दादा कंपनीचा नॉर्मल माणूस झाला. रोज सकाळी बारकी तयार होऊन बाहेर येई तेव्हा झाकण घट्ट लावलेली, वर कागद गुंडाळलेली बाटली दारापाशी हजर असे. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "सकाळी सकाळी भावाबहिणीचा हा व्यवहार, जगात कुठे नसेल," त्या म्हणत. दादाला त्याचं काही नव्हतं. त्याने ही नोकरी फारच मनावर घेतली. दारू तो पीतच नव्हता, आता लग्नाकार्यातलं जडही खाईना. रात्री लवकर झोपायचा, कारण सकाळी ‘ड्यूटी’ असायची. सोफा घेऊन आलेल्या माणसाने घासाघीस केली की म्हणायचा, "मी साधा माणूस नाही, माझ्यावरून आजार ठरतात." गल्लीत त्याला कुणी गमतीने ‘नॉर्मल’ म्हणून हाक मारली तर तो ओ द्यायचा. उभ्या आयुष्यात त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. हे एवढं मिळालं होतं आणि ते तो छातीवर लावल्यासारखा मिरवत होता. मला विचाराल तर मिरवू द्यायला हवंच होतं त्याला. बहिणीला शिकवण्यात ज्याची सगळी उमेद गेली, त्याला तिच्या कामात स्वतःची जागा सापडली होती.

अशी काही वर्षं गेली. पट्टी हळूहळू सुधारत होती. आणि बारकीच्या लक्षात यायला लागलं की आपली काजळी दिवसेंदिवस तेज निघतेय. दर खेपेला सकाळच्या बाटलीवर झाक दिसे आणि दर खेपेला तिला प्रमाण थोडं आणखी खाली आणावं लागे. तिच्या मॅडमनी हे पाहिलं आणि त्यांना कौतुक वाटलं. मॅडम काही उथळ बाई नव्हत्या. भरपूर प्रोटीन मिसळलेली बाटली घेऊन त्यांनी पट्टी पडताळून पाहिली, त्या लघवीवर ती झकास निळी झाली. मग शंका घ्यायला जागाच नव्हती. "हात बसला तुमचा," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पूर्वीच्या निम्म्या काजळीत काम होतंय. हे सोपं नाही." बारकीने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं तेव्हा दादाने दुकान तासभर आधी बंद केलं, केक आणला आणि वहिनींना म्हणाला, "बघ, अर्धं बक्षीस माझं आहे."

एकदाच, फक्त एकदाच, शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई बोलून गेली होती, "एकाच माणसावर किती दिवस बसवणार गं? दुसरं कुणी बघ ना." बारकी हसली होती. "दादाला कामावरून काढू? जेवण बंद करेल तो." आणि तो विषय तिथेच संपला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दादाच्या घोट्यांना सूज यायला लागली. दिवसभर उभं राहून येत असेल असं सगळ्यांनी धरलं. मग त्याला थकवा यायला लागला, जेवणावरची वासना उडाली, सोफा उलटा करताना धाप लागायची. वहिनींनी डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. दादा बारकीकडे बघून हसला. "घरात तपासणारी असताना डॉक्टर कशाला?" बारकीने दुसऱ्या दिवशी कामावरून एक पट्टी आणली, अगदी ताजी, तिनेच बसवलेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिघं वाकून बघत राहिली. थेंब टाकला, वर दुसरा थेंब टाकला, थांबली. पट्टी पांढरीशुभ्र राहिली.

"सांगितलं ना," दादा म्हणाला. "दगड."

त्या पांढऱ्या पट्टीच्या जिवावर आणखी कित्येक आठवडे गेले. शेवटी एका दुपारी तो दुकानातच एका अर्धवट सोफ्यावर कोसळला. शेजारच्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. बारकी धावत पोचली तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघत होते. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या.

"हे आजचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाले. "बरीच वर्षं प्रोटीन जात असणार. लघवी कधी तपासलीच नाही का यांची?"

रोज, बारकी म्हणणार होती. रोज तपासली.

ती हॉस्पिटलमधून तडक कंपनीत गेली. कपाटाच्या वरच्या खणात अगदी पहिल्या वर्षाच्या पट्ट्यांचा एक डबा होता, दादाच्या नोकरीच्या सुरुवातीचा. खरं एन्झाइम असतं तर ते केव्हाच मेलं असतं, पण नक्कल मरत नाही. त्या पट्ट्या होत्या तशा होत्या. त्या दिवशी सकाळी दादाने दिलेली बाटली टेबलावरच होती. तिने जुन्या पट्टीवर थेंब टाकला. रंगाचा थेंब पडताच पट्टी निळी झाली, नुसती झाक नाही, गडद निळी, कडेपर्यंत.

बारकी खुर्चीत बसली. एवढी हुशार बाई, पण तिला समजायला वेळ लागला, कारण समजून घ्यायची इच्छाच होत नव्हती. काजळी कधी तेज झालीच नव्हती. तिचा हात वगैरे काही बसला नव्हता. दादाची किडनी झिरपायला लागली होती आणि पट्टी ते इमानेइतबारे सांगत होती, पहिल्या झाकेपासून. आणि बारकी दर खेपेला काजळी कमी करून तिला गप्प बसवत होती. दादा निरोगी असं एकदा धरल्यावर जे निळं दिसेल ती पट्टीचीच चूक. भरपूर प्रोटीनवर ती पट्टी अजूनही बोलायची, पण दादाच्या आजारापुरती तिने तिला ठार बहिरी करून टाकली होती. ज्या कौतुकाचा केक खाल्ला, तो केक कशाचा होता हे तिला आता कळलं.

मॅडमना तिने सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, "ही पट्टी बाजारात गेली नव्हती, एवढं तरी बरं." वाईट बाई नव्हत्या त्या. पण बारकीला त्या वाक्याचा इतका राग आला की ती पुढचं काही न ऐकता निघून आली.

दादाचं मशीनवर जाणं सुरू झालं. बारकीने आपली किडनी देऊ केली, डॉक्टरांनी दादाचं हृदय तपासून मान हलवली. ते ऑपरेशन सोसण्यातलं राहिलं नव्हतं. दुकानाला कुलूप लागलं. दादा आता समोरच्या खोलीत खाटेवर पडून असायचा, हात वाळलेले, चेहरा सुजलेला. बारकी रोज ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज त्याला पाणी देऊन, उशी सरकवून परत फिरायची. मशीनवर असलेल्या माणसाला पाणीही मोजूनमापून द्यायचं असतं, आणि त्या घोटभर पाण्यासाठीही तो तिला "शहाणी गं माझी" म्हणायचा. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. उन्हं खाटेपर्यंत आली होती. बारकीने तोंड उघडायच्या आधी दादाच बोलला.

"बारके, एक सांगायचंय. रागावशील तू."

"नाही रागावणार. सांग."

"गोळ्या खायचो मी. पाठीच्या. कमरेत वाकून वाकून पाठ मोडायची गं, रात्री कूस वळता यायची नाही. दुकानात स्पंजामागे लपवून ठेवायचो. रोज खायचो." तो धाप लागून थांबला. "डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनीच किडनी खाल्ली. तू पहिल्याच दिवशी विचारलं होतंस, काही औषध चालू आहे का. मी नाही म्हणालो."

"का रे दादा?"

"हो म्हटलं असतं तर तू मला घेतलं नसतंस ना."

बारकी खाटेच्या कडेवर बसली. मग तिने सगळं सांगून टाकलं. पहिली झाक, कमी केलेली काजळी, हात बसल्याचं कौतुक, कपाटातली जुनी पट्टी. एकही गोष्ट तिने स्वतःच्या बाजूने सांगितली नाही. "गोळ्यांनी दुखणं आलं असेल दादा," ती म्हणाली, "पण ते वेळेवर कळत होतं. पट्टी सांगत होती. मी ऐकलं नाही. तेव्हाच ऐकलं असतं तर तू आज दुकानात असतास. माझ्यामुळे झालं हे."

दादाने छताकडे बघत सावकाश विचारलं, "म्हणजे मी नॉर्मल नव्हतो?"

"नव्हतास."

"आणि तुम्ही सगळ्या पट्ट्या माझ्यावर बसवल्या."

"हो."

डॉक्टरांनी किडनी संपल्याचं सांगितलं होतं तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा पडला नव्हता. "अरेरे," तो म्हणाला. "मग फुकट गेल्या म्हण की सगळ्या. इतक्या वर्षांचं काम तुझं."

"पट्ट्यांचं काय घेऊन बसलास दादा? मी काय सांगतेय, तू ऐकलंस का?"

"ऐकलं ना. मी खोटं बोललो आणि तुझं काम नासलं. मॅडम बोलल्या असतील तुला."

"नाही बोलल्या."

"बोलल्या असतील. तू सांगणार नाहीस." त्याने तिचा हात चाचपून धरला. "त्यांना सांग, माझ्या बहिणीला काही माहीत नव्हतं. भावाने लपवलं. माफी मागितलीय म्हणावं मी."

बारकी रडली, भांडली, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. खिळे तोंडात धरून बोलणाऱ्या माणसाचं अक्षर न्‌ अक्षर जिला कळायचं, तिचं एवढं उघड बोलणं त्याला कळेना. की कळूनही त्याने घेतलं नाही, देव जाणे. आयुष्यभर बहिणीची प्रत्येक चूक त्याने आपल्या नावावर घेतली होती, लहानपणी तिने फोडलेल्या खिडकीपासून. ही तेवढी कशी सोडेल.

त्यानंतर मशीनवरून परत आला की तो विचारायचा, "सांगितलंस का मॅडमना?"

"सांगते," बारकी म्हणायची. तिने सांगितलं नाही. ज्याचा जीव आपल्यामुळे चाललाय त्याच्या वतीने माफी कशी मागायची? तो विचारत राहिला आणि ती टाळत राहिली. मग एका सकाळी, मशीनवर जायची तयारी चाललेली असताना, वहिनी त्याच्या पायात मोजे घालत होत्या आणि दादा गेला. वहिनींना दुसरा मोजा घालेपर्यंत कळलंच नाही.

सगळं उरकल्यावर काही दिवसांनी बारकी कामावर गेली. तिथे आता नवी रीत सुरू झाली होती. बाहेरून आलेल्या पुष्कळ माणसांचे नमुने एकत्र करून, त्यातला प्रत्येक आधी मशीनवर तपासून मग पट्टी बसवली जात होती. पट्टी पुन्हा कानाने तिखट झाली होती, बारीकसं प्रोटीनही पकडत होती. मॅडम तिला बघून उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम," बारकी म्हणाली, "माझ्या भावाने तुमची माफी मागितलीय. तो पाठीच्या गोळ्या खायचा, ते त्याने लपवलं. त्याच्यामुळे पट्ट्या वाया गेल्या. मला काही माहीत नव्हतं, असं सांगायला सांगितलंय त्याने."

मॅडमचे डोळे भरून आले. "अहो, माफी कसली? त्यांनी काय केलंय?"

"नाही, तुम्ही माफ केलं असं म्हणा. तो फार दिवस विचारतोय."

मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. "माफ केलं," त्या म्हणाल्या. "सगळं माफ केलं."

"बरं," बारकी म्हणाली. "घरी गेले की सांगते त्याला."